हेडफोनला अ‍ॅम्प लागतो का? आधी दोन आकडे बघा

नवा हेडफोन घरी आला की आठवड्याभरात कुणीतरी विचारतंच, "अ‍ॅम्प कुठला घेतलास?" त्या प्रश्नानं मनात शंका शिरते, आणि पाच हजारांच्या हेडफोनमागे आठ हजारांची डबी येते. कधी त्या डबीनं खरंच फरक पडतो. बहुतेक वेळा मात्र नुसता आवाज वाढतो, आणि वाढलेला आवाज कानाला "सुधारलेला" वाटतो. म्हणून माझा आग्रह एवढाच, की पैसा आधी हेडफोनमध्ये घाला आणि अ‍ॅम्प घ्यायचा की नाही ते गणितावर सोडा. हे गणित शाळेतल्या बेरीज-वजाबाकीइतकंच अवघड आहे.

आधी साखळी समजून घेऊ. गाणं फाइलमध्ये आकड्यांच्या रूपात असतं. त्या आकड्यांचा विजेचा सिग्नल करणारी चिप म्हणजे डॅक. हा सिग्नल हेडफोनचा पडदा हलवू शकेल इतका दमदार करतो तो अ‍ॅम्प्लिफायर. हेडफोन त्याचा आवाज करतो. ज्या फोनला, लॅपटॉपला किंवा म्युझिक प्लेअरला हेडफोनची पिन बसते, त्याच्या पोटात डॅक आणि अ‍ॅम्प दोन्ही असतातच. त्यामुळे "अ‍ॅम्प लागतो का?" या प्रश्नाचा खरा अर्थ असा, की आत आहे तो अ‍ॅम्प या हेडफोनला पुरतो का?

ब्लूटूथ हेडफोन असेल तर विषय तिथेच संपतो. त्यात डॅक आणि अ‍ॅम्प हेडफोनच्याच कपात बसवलेले असतात आणि फोन फक्त आकडे पाठवतो. अशा हेडफोनसाठी बाहेरून अ‍ॅम्प घेऊन काहीही साधत नाही.

आधी हेडफोन

घरात ऐकायचं तर पहिला निर्णय उघड्या पाठीचा की बंद पाठीचा, हा आहे. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये कपाच्या मागे जाळी असते. आवाज मोकळा, डोक्याच्या थोडा बाहेर पसरल्यासारखा येतो आणि कानाला कोंडल्यासारखं होत नाही. पण पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी, खालच्या मजल्यावरचा ड्रिल असं सगळं आत येतं, आणि तुमचं गाणं शेजारी झोपलेल्या माणसाला ऐकू जातं. दोन खोल्यांच्या घरात रात्री ऐकणाऱ्यानं बंद पाठीचाच घ्यावा. स्वतंत्र खोली असेल तर उघड्याचा मोह जरूर करावा. बंद पाठीच्या हेडफोनची गादी कानाभोवती नीट बसणं फार महत्त्वाचं आहे. चष्म्याच्या दांडीनं गादी जराशी उचलली गेली तरी खर्ज गळून जातो. चष्मा असेल तर दुकानात चष्मा घालूनच ऐकून बघा.

किमतीबद्दल एक गोष्ट कळली तर बरेच पैसे वाचतात. येरोन ब्रेबार्ट या संशोधकानं २०१७ साली २८३ हेडफोनांची मापं तपासून निबंध प्रसिद्ध केला. हेडफोनची किंमत आणि त्याचा खर्ज-मध्य-तार यांचा तोल, यांच्यात त्याला काही संबंध सापडला नाही. महाग हेडफोनमध्ये बांधणी, आराम, सुटे भाग या गोष्टी चांगल्या असू शकतात, पण तोल चांगला असेलच याची हमी किंमत देत नाही. हा तोल कसा असावा यावर शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हार्मन कंपनीत २०१२-१३च्या सुमारास बरंच काम केलं. चांगले स्पीकर चांगल्या खोलीत जसे वाजतात तसा तोल हेडफोननं दिला तर तो बहुतेकांना आवडतो, असं त्यातून निघालं. 'हार्मन टार्गेट' म्हणतात ते हेच. हेडफोनचा आलेख, म्हणजे कुठला स्वर किती जोरात वाजतो याची रेषा, बघायला मिळाला तर त्या रेषेशी ताडून बघा. तंतोतंत जुळायला हवा असं नाही, पण एखाद्या ठिकाणी दहा डेसिबलचा डोंगर किंवा दरी असेल तर ती ऐकू येणारच.

दुकानात ऐकताना तुमच्या कायमच्या ऐकण्यातली ध्वनिमुद्रणं न्या. मी नेहमी तंबोऱ्यापासून सुरुवात करतो. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यात वरचे स्वर सतत उमलत असतात. हेडफोनच्या तार भागात एखादा सुळका असेल तर त्यातला एकच स्वर टोचत राहतो, आणि तो भाग दबलेला असेल तर तंबोरा गोधडीखालून आल्यासारखा वाटतो. मग तबला. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड खालून वर सलग जाते का, की मध्येच एका स्वरावर फुगते? ती फुगली तर खर्ज नुसता जास्त आहे, नीट नाही. शेवटी बाईचा आणि पुरुषाचा गाता आवाज. इतकं ऐकलं की हेडफोनचा स्वभाव कळतो.

दोन आकडे आणि एक बेरीज

आता मुख्य भाग. हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात. एक इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा. तो ओहममध्ये असतो. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिली तर आवाज किती होतो. तो डेसिबलमध्ये असतो. गोंधळ दुसऱ्या आकड्यात आहे. काही कंपन्या तो एका मिलिवॅटला किती डेसिबल असा लिहितात, काही एका व्होल्टला किती असा. या दोन आकड्यांची सरळ तुलना केली की फसगत ठरलेली.

फोन किंवा डोंगल (फोनच्या टाइप-सी खाचेत लावायची, पोटात डॅक आणि अ‍ॅम्प असलेली छोटी जोडणी) किती देऊ शकतो हे व्होल्टमध्ये सांगितलेलं असतं, म्हणून सगळं व्होल्टमध्ये आणून बघणं सोपं जातं. मिलिवॅटच्या आकड्यात १६ ओहमच्या हेडफोनसाठी १८ मिळवा, ३२ ओहमसाठी १५, ६४ साठी १२, २५० साठी ६ आणि ३०० साठी साधारण ५. आलेलं उत्तर म्हणजे एक व्होल्ट दिला तर होणारा आवाज. व्होल्ट दुप्पट केले की त्यात ६ डेसिबलची भर पडते, निम्मे केले की ६ कमी होतात.

बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो घ्या. हा ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो, आणि कंपनी तिन्हींची सेन्सिटिव्हिटी मिलिवॅटला ९६ डेसिबल अशीच लिहिते. खोका बघून वाटतं, तिघंही सारखेच वाजतील. बेरीज करा. ३२ ओहमवाला एका व्होल्टला १११ डेसिबल देतो, २५० वाला १०२. एकाच फोनवर ९ डेसिबलचा फरक! ३२ ओहमवाला फोनवर मस्त वाजतो आणि २५० वाला हळू वाटतो, त्याचं कारण एवढंच. त्यात प्रतीचा काही संबंध नाही.

मग पुरेसा आवाज म्हणजे किती? आपण आरामात ऐकतो ती सरासरी पातळी ७० ते ८० डेसिबलच्या आसपास असते. पण संगीतात क्षणिक उसळ्या असतात: तबल्याची थाप, झांजेचा आघात, तार सप्तकातली तान. आजच्या सिनेसंगीतात ही उसळी सरासरीच्या फार तर ८-१२ डेसिबल वर असते, कारण गाणं आधीच दाबून एका पातळीवर आणलेलं असतं. ख्यालाच्या चांगल्या ध्वनिमुद्रणात ती २० किंवा त्याहून जास्त असू शकते. शिवाय अशी ध्वनिमुद्रणं मुळातच हळू असतात. म्हणून मी उसळीसाठी ११० डेसिबलची सोय धरतो. सतत ११० वर ऐकायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं प्रौढ माणसानं आठवड्याला ८० डेसिबल सरासरीनं ४० तास ऐकलेलं चालतं, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे पाचच तास.

आता दोन हेडफोन समोरासमोर ठेवू. पहिला सेनहायझर एचडी ६५०. इम्पिडन्स ३०० ओहम, एका व्होल्टला १०३ डेसिबल. ११० पर्यंत जायला ७ डेसिबल हवेत, म्हणजे सव्वादोन व्होल्ट. ओहमच्या नियमानं करंट निघतो साडेसात मिलिअ‍ॅम्पियर आणि शक्ती १७ मिलिवॅट. दुसरा एखादा प्लॅनर हेडफोन, म्हणजे चुंबकांच्या मध्ये ताणलेल्या सपाट पडद्याचा, ३२ ओहम आणि मिलिवॅटला ९० डेसिबल. १५ मिळवले की एका व्होल्टला १०५. ११० साठी १.८ व्होल्ट लागतात, पण करंट ५६ मिलिअ‍ॅम्पियर आणि शक्ती १०० मिलिवॅट! "ओहम कमी म्हणजे वाजवायला सोपा" हा समज इथे पार कोसळतो. ३०० ओहमवाल्याला व्होल्ट हवेत पण करंट नाममात्र. ३२ ओहमच्या प्लॅनरला व्होल्ट जवळपास तेवढेच हवेत, वर सातपट करंट. छोट्या डोंगलचा दम याच ठिकाणी संपतो. व्होल्टेज कागदावर पुरतं, पण जोराचा डग्गा आला की करंट पुरत नाही आणि आवाज फाटतो.

अ‍ॅपलचा टाइप-सीचा छोटा डोंगल पुरा एक व्होल्ट देतो असं धरलं, तर एचडी ६५० वर उसळी १०३ पर्यंत जाते. सिनेमाची गाणी त्यावर भरपूर जोरात वाजतील. विलंबित ख्यालाला मात्र आवाज शेवटच्या रेघेपर्यंत न्यावा लागेल आणि थोडी कसर राहील. दोन व्होल्ट देणारा डोंगल घेतला की १०९, आणि प्रश्न मिटला. असे डोंगल हजार-दोन हजारांत मिळतात. म्हणजे ज्या हेडफोनला "मोठा अ‍ॅम्प हवाच" असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, त्याला अंगठ्याएवढी वस्तू पुरते.

अ‍ॅपलच्या डोंगलबाबत एक अडचण आहे. काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज कमीच राहतो, कारण फोन डोंगलच्या आतली आवाजाची पातळी पूर्ण उघडत नाही. आणि बाजारात मिळणाऱ्या अगदी स्वस्त टाइप-सी जोडण्यांमध्ये मुळात चिपच नसते, नुसती तार असते. त्या मोजक्याच फोनवर चालतात. घेताना "यात डॅक आहे का?" एवढं विचारा.

अ‍ॅम्पमुळे बिघडतं ते

कानात घालायचे बारीक इअरफोन म्हणजे आयईएम. इथे गणित उलट्या दिशेनं चालतं. १६ ओहम, मिलिवॅटला ११० डेसिबल असा इअरफोन एका व्होल्टला १२८ डेसिबल देतो. ८० डेसिबलवर ऐकायला त्याला चार मिलिव्होल्ट बस्स झाले. अशा इअरफोनला दणकट अ‍ॅम्प लावला तर काय होतं? प्रत्येक अ‍ॅम्पची स्वतःची थोडी सळसळ असते. ती नुसती १० मायक्रोव्होल्ट असली तरी या इअरफोनमध्ये २८ डेसिबल होते, आणि रात्रीच्या शांत खोलीत दोन गाण्यांमध्ये स्पष्ट ऐकू येते. शिवाय आवाजाचं बटण जरा हललं की कानठळ्या. बटण अगदी सुरुवातीला असताना डावा-उजवा कान सारखा वाजत नाही, कारण स्वस्त व्हॉल्यूम कंट्रोलच्या दोन पट्ट्या तिथे जुळत नाहीत. यावर उपाय म्हणजे अ‍ॅम्पवरचा गेनचा, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारा, खटका 'लो'ला ठेवणं आणि बटण घड्याळातल्या नऊच्या पुढे येईल अशी पातळी जुळवणं.

याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स. हेडफोनचा इम्पिडन्स खोक्यावर एकच आकडा असला तरी प्रत्यक्षात तो स्वरागणिक बदलतो. अनेक पडद्यांच्या इअरफोनमध्ये तो एका जागी ८ ओहम तर दुसऱ्या जागी ४० ओहम असू शकतो. अ‍ॅम्पचा स्वतःचा अडथळा १० ओहम असेल तर ८ ओहमच्या जागी व्होल्टेजचे ४४ टक्के इअरफोनला मिळतात आणि ४० ओहमच्या जागी ८० टक्के. फरक ५ डेसिबलचा. म्हणजे इअरफोनचा तोलच बदलला, तेही त्याची काही चूक नसताना. अ‍ॅम्पचा अडथळा १ ओहम असेल तर हाच फरक पाऊण डेसिबलवर येतो. म्हणून एक सोपा संकेत रूढ आहे: अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा. १६ ओहमच्या इअरफोनला दोनपेक्षा कमी. ३०० ओहमवाल्याला ३७ पर्यंत चालतो. प्लॅनर हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या स्वरांना जवळपास सारखाच असतो, त्यामुळे तिथे तोल बिघडत नाही, फक्त आवाज थोडा उतरतो.

माळ्यावरचा जुना अ‍ॅम्प

पुष्कळ घरांत वडिलांनी किंवा काकांनी घेतलेला स्टिरिओ अ‍ॅम्प माळ्यावर असतो. त्याला हेडफोनची जाडी पिन, ६.३५ मिलिमीटरची, बसते. ही पिन टेलिफोन एक्स्चेंजच्या काळापासून चालत आलेली आहे आणि आजही तीच आहे. फोनकडून त्या अ‍ॅम्पला गाणं द्यायचं तर एका टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी आरसीए अशी तार लागते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ती कुठल्याही दुकानात मिळेल. लाल म्हणजे उजवा.

मागच्या बाजूला खाचा पुष्कळ असतात, आणि चूक होते ती तिथेच. 'ऑक्स', 'सीडी', 'ट्यूनर', 'टेप इन' यांपैकी कुठलीही खाच फोनला चालते. 'फोनो' मात्र नाही. नाव फोनसारखं दिसत असलं तरी ती तबकडीच्या प्लेअरसाठी आहे. तबकडीच्या सुईकडून जेमतेम पाच मिलिव्होल्ट येतात आणि तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी, तार मुद्दाम जास्त केलेले असतात. फोनोची खाच सिग्नल प्रचंड वाढवते आणि हा तोल उलटा फिरवून सरळ करते. फोन तिथे लावला तर खर्ज फुगून सगळं फाटकं ऐकू येतं. उलट, तबकडीचा प्लेअर 'ऑक्स'ला लावला तर कुजबुजल्यासारखा, पातळ वाजतो.

स्पीकरच्या तारा अडकवायच्या स्क्रूंना हेडफोन कधीही जोडू नका. ५० वॅट आणि ८ ओहमचा अ‍ॅम्प पूर्ण जोरात २० व्होल्ट देतो. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये त्याचे साडेबारा वॅट होतात, आणि हेडफोनची कॉइल क्षणात जळते. पुढच्या हेडफोनच्या खाचेत याच स्पीकरच्या विजेसमोर मोठा रेझिस्टर बसवलेला असतो, बहुधा शंभर ओहमहून जास्त. एका जुन्या आंतरराष्ट्रीय मानकात १२० ओहम ही किंमत सुचवलेली होती. वरचं एक अष्टमांशाचं गणित आठवा: या खाचेत इअरफोन लावला तर तोल बिघडेल, पण ३०० ओहमवाला हेडफोन लावला तर खर्ज साधारण एक डेसिबल वाढेल, आणि तेवढा बहुतेकांना आवडतो. घरात असा अ‍ॅम्प असेल आणि हेडफोन ३०० ओहमचा असेल तर नवीन काहीही घेऊ नका. फक्त बटणं फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्या.

फोनच्या हेडफोनच्या खाचेतून अ‍ॅम्पला जोडताना फोनचा आवाज पूर्ण किंवा शेवटून एक-दोन रेघा कमी ठेवा आणि कमी-जास्त अ‍ॅम्पवरूनच करा. फोन अर्ध्यावर ठेवून अ‍ॅम्प वाढवला तर फोनच्या गाण्याबरोबर फोनची सळसळही वाढते. फोनवर इक्वलायझर लावला असेल आणि त्यात खर्ज ६ डेसिबल वाढवला असेल, तर त्याच इक्वलायझरमधला 'प्रीअ‍ॅम्प' ६ डेसिबल खाली आणा. नाहीतर आकडे कमाल मर्यादेवर आपटून कापले जातात आणि दोष बिचाऱ्या हेडफोनला लागतो.

पिन अर्धवट बसली तर एक चमत्कारिक गोष्ट घडते. वाद्यं ऐकू येतात, पण गाणाऱ्याचा आवाज नाहीसा होतो, किंवा विहिरीतून आल्यासारखा येतो. हेडफोन बिघडलेला नसतो. दोन्ही कानांची सामाईक परतीची तार सुटलेली असते, त्यामुळे डाव्या आणि उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. गायक दोन्हींत सारखा असल्यानं तो वजा होऊन जातो. पिन काढा, खाचेतला कापसासारखा खिशातला कचरा टाचणीनं नव्हे, लाकडी टूथपिकनं काढा, आणि पिन 'टक' होईपर्यंत दाबा.

हल्लीच्या प्लेअरना ४.४ मिलिमीटरची 'बॅलन्स्ड' खाचही असते. तिचा खरा फायदा म्हणजे त्याच उपकरणातून साधारण दुप्पट व्होल्टेज, ६ डेसिबल जास्त. ३.५ मधून आवाज पुरत असेल तर ४.४ ची महागडी तार घेण्याची गरज नाही. तिथे एक धोका मात्र लक्षात ठेवा. साध्या ३.५ च्या हेडफोनला अ‍ॅडॉप्टर लावून तो ४.४ च्या खाचेत घालू नका. डाव्या-उजव्याच्या परतीच्या तारा तिथे वेगवेगळ्या आणि जिवंत असतात. साध्या पिनमध्ये त्या एकत्र जोडल्या जातात आणि अ‍ॅम्प शॉर्ट होऊ शकतो. उलटं, म्हणजे ४.४ ची पिन असलेला हेडफोन अ‍ॅडॉप्टरनं ३.५ च्या खाचेत, बिनधोक चालतं.

वेगळा म्युझिक प्लेअर कुणासाठी?

सोनीनं १ जुलै १९७९ रोजी पहिला वॉकमन बाजारात आणला, अ‍ॅपलनं २००१ साली आयपॉड आणला आणि २०२२ मध्ये तो बंद केला. फोननं दोघांचंही काम गिळलं. तरीही फिओ, सोनी, हायबी, शॅनलिंग यांचे वेगळे प्लेअर अजून निघतात, ते का? आवाजाची प्रत हे त्याचं मुख्य कारण मला पटत नाही. दोन व्होल्टचा डोंगल फोनला लावून तीच प्रत मिळते. पण तुमच्याकडे स्वतःचा संग्रह असेल, म्हणजे सीडीवरून उतरवलेलं, कॅसेटवरून डिजिटल केलेलं, आकाशवाणीवरून जपून ठेवलेलं, तर मेमरी कार्डावर तो सगळा घेऊन बसता येणं हे मोठं सुख आहे. मध्ये फोन वाजत नाही, जाहिरात येत नाही, नेट लागत नाही. आईसारख्या माणसाला, जिला टचस्क्रीनवर चार अ‍ॅपमधून वाट काढायचा कंटाळा आहे, बटणवाला प्लेअर फार सोयीचा. घेताना बटणं अंधारात चाचपून ओळखता येतात का ते बघा, आणि मराठी फाइलनावं पडद्यावर नीट दिसतात का तेही. स्वस्त प्लेअरवर देवनागरीच्या जागी चौकोन येतात.

संग्रह उतरवताना सीडी फ्लॅकमध्ये उतरवा. सीडीचा वेग सेकंदाला १,४११ किलोबिट असतो. फ्लॅक त्यातलं काहीही न टाकता फाइल बरीच लहान करतो. एमपी३ असेल तर ३२० किलोबिटची, आणि ती मूळ सीडीपासून फारच थोडी वेगळी ऐकू येते. ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झच्या 'हाय-रेस' फाइलच्या मागे धावू नका. ४४.१ किलोहर्ट्झमध्ये माणसाला ऐकू येणारा सगळा पल्ला आलेला असतो. ध्वनिमुद्रण आणि मास्टरिंग कसं झालं, याचा फरक त्याच्या कित्येक पट मोठा आहे.

गुणगुण

लॅपटॉप चार्जरला लावला की हेडफोनमध्ये भुणभुण येते, चार्जर काढला की थांबते, ही घरोघरची तक्रार. आपली वीज ५० हर्ट्झची. लॅपटॉप आणि अ‍ॅम्प दोघंही भिंतीतल्या विजेवर असले की दोघांच्या अर्थिंगमधून एक चक्र तयार होतं आणि ही ५० हर्ट्झची व तिच्या पटीतली गुणगुण गाण्यात मिसळते. आधी दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. पुष्कळदा एवढ्यानंच भागतं. नाही भागलं तर मध्ये ऑप्टिकल तार वापरा. त्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे चक्र तुटतं. अर्थिंगची पिन कापणं किंवा तिच्यावर चिकटपट्टी लावणं हा उपाय नाही. ती पिन जिवाच्या रक्षणासाठी आहे. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर गुणगुण वाढत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा असण्याची शक्यता मोठी. त्या वेळी बॅटरीवर चालणाऱ्या फोनला लावलेला डोंगल किंवा प्लेअर वापरणं हेच उत्तम.

आणि टीव्ही

घरातल्या ज्येष्ठांना कमी ऐकू येतं म्हणून टीव्हीचा आवाज वाढतो आणि दुसऱ्या खोलीतल्या मुलांचा अभ्यास बिघडतो. अशा वेळी हेडफोन फार उपयोगी पडतो. साधा ब्लूटूथ हेडफोन लावला तर आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद मागे पडू शकतो आणि बोलणाऱ्याचे ओठ आधी हलतात. काही टीव्हींत ही तफावत भरून काढायची सोय सेटिंगमध्ये असते, ती आधी बघा. नसेल तर तारेचा हेडफोन बरा. टीव्हीला हेडफोनची खाच असेल तर पाच मीटरची वाढीव तार पुरते, पण ती लावली की बहुतेक टीव्ही स्पीकर बंद करतात. दोघांनी एकत्र बघायचं असेल तर सेटिंगमध्ये स्पीकर आणि हेडफोन दोन्ही चालू ठेवायचा पर्याय शोधावा लागतो. खाच नसेल तर मागच्या ऑप्टिकल खाचेला छोटा डॅक लावा आणि त्याला हेडफोन. हेडफोनची खाच आणि आवाजाचं बटण दोन्ही असलेलाच डॅक घ्या, कारण ऑप्टिकलमधून येणारा आवाज बहुतेकदा टीव्हीच्या रिमोटनं कमी-जास्त होत नाही. सगळं जोडूनही काहीच ऐकू आलं नाही तर घाबरून दुकान गाठू नका. टीव्ही डॉल्बी पाठवत असतो आणि साध्या डॅकला ते उलगडता येत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम' असेल, ते 'पीसीएम' करा. आवाज लगेच सुरू होतो.